आचाऱ्याला वाचून दाखवलेलं कार्ड

नाशकात मी चार वर्षं एकाच हॉटेलात दुपारचं जेवलो. त्या चार वर्षांतलं जेवण म्हटलं की मला आठच दिवस आठवतात. बाकीची आमटी-भाजी पोटात गेली आणि विसरली. ते आठ दिवस मात्र या वयातही पचलेले नाहीत, आणि औषध घेऊन पचण्यासारखे नाहीत हेही मला माहीत आहे.

हॉटेल मेनरोडवरून नदीकडे उतरणाऱ्या एका गल्लीत होतं. पुढच्या खोलीत संगमरवरी फळ्यांची चार टेबलं. तिथे दिवसभर चहा, भजी, चिवडा चाले आणि मालक गल्ल्यावर बसून येणाऱ्याजाणाऱ्याशी राजकारण बोलत. मागची खोली दुपारी एक वाजता उघडायची. तिथे पाट मांडून आम्हा दहा-बारा जणांची पंगत बसे. सगळे ब्राह्मण, सगळे नोकरदार, बहुतेक बिऱ्हाडाशिवाय राहणारे. बाहेर ओट्यावर एक बाक होता आणि त्याच्यापाशी कान तुटलेल्या वेगळ्या कपबश्या पालथ्या घातलेल्या असत. त्या कुणासाठी, हे आम्हा सगळ्यांना ठाऊक होतं. रोज त्यांच्यावरून जाताना आम्हाला काही वाटत नव्हतं. हे लिहून ठेवतो, कारण पुढचं वाचताना कुणी मला उगाच भला माणूस समजू नये.

मी एका छापखान्यात प्रुफं तपासायचो. एकाने मूळ प्रत मोठ्याने वाचायची आणि दुसऱ्याने छापलेल्या कागदावर बोट ठेवून शब्दाला शब्द लावून बघायचं, अशी आमची रीत. मूळ प्रत बहुधा मीच वाचे, कारण माझा आवाज स्वच्छ होता आणि मोडी मला झरझर लागे. पदरचा स्वल्पविराम घालायची सोय नव्हती. सकाळी आठ ते एक हे काम करून माणूस जेवायला निघाला की त्याच्या डोळ्यांपुढे भातसुद्धा टाइपासारखा ओळीत लागलेला दिसतो.

हॉटेलचा आचारी कोकणातला होता. पन्नाशीकडे झुकलेला, उघडाबंब, खांद्यावर पंचा. हातात पळी असली की त्याचा रुबाब मामलेदाराचा, आणि पळी खाली ठेवली की तो कुठे उभं राहावं हे न कळणारा माणूस होऊन जाई. आमटीत तो आमसूल घाले आणि वर खोबरं पेरी, त्यावरून पंगत त्याची चेष्टा करी. आमच्याकडे काळ्या मसाल्याशिवाय जेवण घशाखाली उतरत नाही, असं कुणी म्हटलं की तो म्हणे, तरी तुमचा घसा पाच वाट्या उतरवतो. चौदा वर्षं तो नाशकात होता. बायको गावी. मूलबाळ झालं नव्हतं. वर्षातून एकदा, पावसाळ्याआधी, तो महिनाभर जाऊन येई. नाशिकरोडहून मुंबई, मुंबईहून बोट, बोटीवरून उतरलं की खाडीतली तर, म्हणजे पलीकडे नेणारी होडी, आणि मग अर्धा कोस चाल. हा प्रवास त्याने आम्हाला इतक्यांदा सांगितला होता की मी डोळे मिटून त्याच्या घरी गेलो असतो.

त्याला लिहितावाचता येत नव्हतं. ब्राह्मणाला अक्षरओळख नाही म्हणून मालक त्याला चारचौघांत अक्षरशत्रू म्हणत. पण त्याची स्मरणशक्ती अचाट होती. लहानपणी मामाच्या पाठोपाठ नुसतं ऐकून त्याने रुद्र, पवमान, कितीतरी स्तोत्रं पाठ केली होती. एकदा कानावरून गेलं की कायमचं. पंगतीतल्या कोणी मागच्या चतुर्थीला काय म्हटलं, ते तो शब्दाला शब्द परत सांगे, आणि ते बहुतेक वेळा त्या माणसाला नको असे.

गावाहून कार्ड आलं की ते वाचून दाखवायचं काम माझ्याकडे होतं. टपालवाला एकच्या सुमारास येई, म्हणजे नेमका वाढणीच्या वेळी. आचारी तेव्हा सोवळ्यात. त्याला टपालाचा कागद शिवायला चालत नसे. म्हणून कार्ड कोनाड्यात ठेवायचं आणि सगळ्यांचं जेवण झालं की मी स्वयंपाकघराच्या उंबऱ्याच्या अलीकडे उभं राहून वाचायचं, तो पलीकडे उभा राहून ऐकणार. कार्डं त्याचा मेव्हणा लिही. तो गावातल्या शाळेत मास्तर होता आणि त्याला कागद फुकट घालवायचा मोठा तिटकारा असावा. मजकूर संपला की तो कार्ड आडवं करून काठाने आणखी एक ओळ कोंबायचा, त्यात फणस किती लागले वगैरे असे.

त्या वर्षी पितृपक्षात, एका गुरुवारी, मी हॉटेलात शिरलो तेव्हा मालकांनी मला गल्ल्यापाशी थांबवलं. त्यांच्या हातात आचाऱ्याचं कार्ड होतं. कार्ड म्हणजे उघड्यावरचा मजकूर. त्यांनी तो वाचला होता आणि वाचल्याची त्यांना लाजही नव्हती.

पितृपक्ष म्हणजे आमच्या नाशकाची सुगी. बाराही महिने इथे लोक आपापले मेलेले घेऊन येतात, पण त्या पंधरवड्यात घाटावर पाय ठेवायला जागा नसते. मुंडण केलेली डोकी, ओली धोतरं, पिंडांवर माजलेले कावळे. श्राद्ध उरकलेल्या यजमानांची जेवणं आमच्या हॉटेलात होत, आणि त्या वर्षी मालकांनी ऐपतीबाहेरची कामं अंगावर घेतली होती. एकाच्या ठिकाणी रोज चार पंगती उठत होत्या. असा आचारी ऐन पंधरवड्यात उठून गेला असता तर मालकांची पंचाईत होती, हे खरं.

त्यांनी मला कार्ड वाचायला दिलं. मेव्हण्याने लिहिलं होतं की सौभाग्यवतीचा ताप सतराव्या दिवशीही हटत नाही, वैद्यांनी आशा सोडली आहे, सारखा तुमचा धोसा घेतला आहे, तरी पत्र पावताच निघावे, बोटी सुरू झाल्या आहेत. एवढं मी वाचलं. काठाने नेहमीसारखी एक ओळ होतीच. मालक बोलायला लागले म्हणून ती राहिली.

मालकांचं म्हणणं असं की हे लोक घाबरट. मागच्या वर्षी असंच कार्ड आलं, हा धावत गेला, तर बाई चुलीपुढे बसून घावन घालत होती. हे खोटं नव्हतं. आचाऱ्यानेच ते हसत सांगितलं होतं. त्याला वाचून दाखवायचं तर खुशाल दाखवा, ते म्हणाले, पण अमावास्येच्या आत जो जाईल त्याने परत येऊ नये, हेही त्याला वाचून दाखवा. तुमच्या जिभेवर आहे त्याची भाकरी. एवढं बोलून ते दुसऱ्या गिऱ्हाइकाकडे वळले.

मी कार्ड घेऊन आत गेलो आणि जेवायला बसलो. जेवणभर मी विचार केला असं मी पुष्कळ वर्षं स्वतःला सांगत आलो. खरं म्हणजे मला भूक लागली होती आणि त्या दिवशी अळूची भाजी होती. मागचा भात होईपर्यंत माझ्या डोक्यात एवढंच पक्कं झालं होतं की पळी हातात घेतलेल्या त्या माणसाच्या तोंडाकडे बघून मला ते कार्ड वाचवणार नाही. दया, त्याची नोकरी, मालकांची अडचण, ही कारणं मी नंतर गोळा केली. आडात नव्हतं ते पोहऱ्यात कुठून येणार? धीरच नव्हता माझ्यात.

पंगत उठली. तो उंबऱ्यापलीकडे येऊन उभा राहिला, हात पंच्याला पुसत. मी कार्ड डोळ्यांपुढे धरलं आणि वाचलं:

"सौभाग्यवतीस आता उतार आहे. ताप गेला. दोन वेळा पेज घेते. सकाळी अंगणात येऊन बसते. काळजी नसावी. सवडीने यावे."

माझा आवाज स्वच्छ होता हे वर सांगितलंच आहे. एकही शब्द अडखळला नाही. मालकांना हवं होतं ते उशीर करण्यापुरतं. अंगण माझं होतं. ते अंगण मी कधी पाहिलं नव्हतं, पण मला ते वाक्य साधलं असं वाटलं, आणि क्षणभर मला त्याचा आनंद झाला. या आनंदाची मला सगळ्यात जास्त लाज वाटते.

आचाऱ्याने डोळे मिटून घेतले. ताप होता हेच त्याला माहीत नव्हतं, आधीचं कार्ड कुठे तरी गहाळ झालं असावं, असं तो म्हणाला. मग त्याने मला हात जोडले. तुमच्या तोंडात साखर पडो, म्हणाला, आणि खरोखरच आतून गुळाचा खडा आणून माझ्या हातावर वरून टाकला. मी तो खाल्ला.

दुसऱ्या दिवसापासून तो ते कार्ड म्हणायला लागला. मोठ्याने नव्हे, पुटपुटत, त्याची स्तोत्रं चालत तसं. भात उपसताना, ताक वाढताना. माझ्या पाटापुढून जाताना ऐकू येई: पेज घेते, अंगणात येऊन बसते. एकही शब्द इकडचा तिकडे होत नव्हता. आमच्या छापखान्यात अशी प्रुफं मी कधी पाहिली नाहीत. माझं जेवणावरचं लक्ष उडालं. तो मात्र मला आग्रह करकरून वाढायचा, आणि पंगतीत माझ्या शेजारी बसणारा एक शाळामास्तर म्हणायचा की आचाऱ्याने तुम्हाला जावई केलं वाटतं.

सोमवारी त्याने मला ते पुन्हा वाचायला लावलं. कार्ड त्याने कोनाड्यातच ठेवलं होतं. पाठ आहे की तुम्हाला, मी म्हणालो. पाठ आहे, पण कागदावरून ऐकायला बरं वाटतं, तो म्हणाला. मी कार्ड उचललं. काय रचलं होतं ते मला आठवत होतं, म्हणजे मला तसं वाटत होतं. मी म्हटलं, ताप गेला, दोन वेळा भात खाते.

"गेल्या वेळी पेज होती," तो म्हणाला.

मी म्हटलं, हो, पेजच आहे, मोडीत अक्षर जरा गिचमिड झालंय. आणि पुढचं सगळं बिनचूक वाचलं. पण त्या दिवसापासून त्याचं पुटपुटणं बंद झालं. त्याला तेव्हाच कळलं का, याचा मी पुष्कळ विचार केला आहे. पंगतीत वाचता येणारे आणखी दहा जण होते. कुणालाही तो कार्ड दाखवू शकला असता. त्याने दाखवलं नाही. मला वाटतं, तेवढे दिवस त्याला ते अंगण हवं होतं. किंवा हेही मी माझ्या सोयीसाठी रचलेलं असेल. रचायची खोड वाईट असते.

मलाही सोमवारीच खरं सांगता आलं असतं. मंगळवारीही आलं असतं. रोज मी ठरवून जायचो, आणि रोज पंगतीत कुणी तरी तिसरंच काही बोलून हसायचं, आणि मी ताक पिऊन उठायचो. दर दिवशी सांगणं कालच्यापेक्षा अवघड होत होतं, कारण आता आजाराच्या बातमीबरोबर माझी स्वतःची करणीही सांगावी लागणार होती. भित्या पाठी ब्रह्मराक्षस म्हणतात. माझ्या पाठीशी तो रोज एक वाजता आमटीचं भांडं घेऊन उभा राही.

शुक्रवारी दुसरं कार्ड आलं. मालक त्या वेळी घाटावर यजमानांची बोलणी करायला गेले होते, त्यामुळे गल्ल्यावर ते अडलं नाही. टपालवाला सरळ आत आला, कोनाड्यात कार्ड उभं करून गेला. आमचा वरणभात चालला होता. आचारी आमटी घेऊन येत होता, तो कोनाड्यासमोर थांबला. शिवला नाही. नुसतं पाहिलं. मग पुढे आला आणि पहिल्या पाटापासून वाढायला लागला.

त्याने सगळी पंगत शेवटपर्यंत वाढली. कुणाला पोळी हवी, कुणाला भाजी, ते नेहमीसारखं विचारलं. शाळामास्तराने आमसुलावरून काही चेष्टा केली तिला त्याने उत्तर दिलं नाही, एवढंच. मागच्या भाताला त्याने प्रत्येकाच्या ताटात ताक ओतलं, माझ्याही. नंतर या जेवणावरून पंगतीत मोठा वाद झाला. सुतक ऐकल्यापासून धरायचं, आणि पंगत उठेपर्यंत त्याने काही ऐकलं नव्हतं, तेव्हा आपल्याला दोष नाही, असा निर्णय त्याच शाळामास्तराने दिला आणि सगळ्यांना तो पटला. माणूस कसा चालता-बोलता वाढत होता याबद्दल कुणी अक्षर काढलं नाही.

सगळे हात धुवून गेले. मी उठत होतो तेव्हा त्याने मला थांबायला सांगितलं. तो उंबरा ओलांडून अलीकडे आला. वाढायला तो रोज येई, पण पंगत उठल्यावर, खरकट्यात, सोवळ्याने असा अलीकडे आलेला मी चार वर्षांत पाहिला नव्हता. उष्ट्या पाटांच्या मधे माझ्यासमोर जमिनीवर बसला आणि कोनाड्यातली दोन्ही कार्डं त्याने स्वतःच्या हाताने माझ्यापुढे ठेवली.

मी नवं कार्ड उचललं. त्याच्या माथ्यावर श्री नव्हती. आपल्याकडे कुठलंही पत्र श्रीशिवाय सुरू होत नाही. मरणाचं तेवढं श्रीशिवाय लिहितात. मी वाचायला तोंड उघडलं, तर तो म्हणाला, "ते राहू दे. सगळ्या अक्षरांतलं मला तेवढं एक ओळखता येतं. कधी, ते सांगा."

सोमवारी पहाटे, असं लिहिलं होतं. मी तसं सांगितलं. सांगता सांगता मी दिवस मोजत होतो. गुरुवारी संध्याकाळची गाडी, शुक्रवारी बोट, शनिवारी दुपारपर्यंत घर. शनिवार दुपार, शनिवार रात्र, अख्खा रविवार. तोही मोजत असला पाहिजे. अक्षरशत्रू होता तरी प्रवास त्याला माझ्याहून पाठ होता.

मग त्याने जुनं कार्ड माझ्याकडे सरकवलं. त्याला हळदीचे डाग पडले होते. मी ते घेतलं आणि, देवाशपथ सांगतो, माझं मलाच कळायच्या आत मी सुरू केलं की सौभाग्यवतीस आता उतार आहे. त्याच्यापुढे मी दुसरं काही वाचू शकत नव्हतो. तोही माझ्याबरोबर म्हणायला लागला. ताप गेला, दोन वेळा पेज घेते, आमचे दोघांचे आवाज त्या रिकाम्या खोलीत एकदम निघत होते. अंगणापाशी त्याने माझ्या मनगटावर हात ठेवला.

"हे मला येतं," तो म्हणाला. "त्यात लिहिलंय ते वाचा."

मी वाचलं. सतरा दिवस, वैद्य, धोसा, पत्र पावताच निघावे. त्याने शिव्या दिल्या नाहीत, मालकांचं नाव काढलं नाही, का असं केलंत हेही विचारलं नाही. त्याने विचारलं असतं तर मी त्याच्या पायावर डोकं ठेवणार होतो. ती संधी त्याने मला दिली नाही.

"झालं?" त्याने विचारलं.

मी म्हटलं, झालं. मग कार्ड खाली ठेवताना ते माझ्या हातात आडवं झालं आणि काठाची ती ओळ माझ्या समोर आली. पहिल्या दिवशी मालकांच्या बोलण्यात राहिलेली. नंतरच्या आठ दिवसांत मी ते कार्ड दोनदा हातात धरलं होतं, त्यावरून खोटं वाचलं होतं, पण खरं काय लिहिलंय हे बघायला माझी नजर त्याच्यावर कधी टिकलीच नव्हती. बारीक मोडीत होती. मी कार्ड दाराच्या उजेडाकडे धरलं आणि वाचलं:

"तुम्ही निघालाच असाल असे धरून रोज बोटीच्या वेळेस तरीवर माणूस पाठविण्यास सांगते, आला नाहीत म्हटले की माझ्याशी भांडते."

तो पुढे वाकला. त्याने मला ती ओळ पुन्हा वाचायला लावली. मग डोळे मिटून त्याने ती एकदा हळू म्हणून पाहिली, आणि मधेच अडला. चौदा वर्षांत त्याला कधी अडताना पाहिलं नाही, असं पंगतीतले जुने लोक म्हणत. मी चार वर्षांत पाहिलं नव्हतं.

"तरीवर की तरीपाशी?" त्याने विचारलं. "नीट बघून सांगा."

मी नीट बघितलं. त्या अक्षराखाली बोट ठेवलं, आणि तरीवर, असं सांगितलं. त्याने माझ्या बोटाकडे पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं. मग कार्ड माझ्या हातातून काढून घेतलं आणि दाराबाहेर जाऊन, फेरी आटोपून परतताना ओट्यावर उन्हात थांबलेल्या टपालवाल्याला ते तेवढं एक अक्षर काय आहे असं विचारलं.